दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर

‘दवाखान्यातून सुट्टी झाली’ असे आपण सहज म्हणतो. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाला हा शब्द जरा खटकतो. कामगाराची सुट्टी म्हणजे विश्रांती. तिचा पगार द्यावयाचा की कापावयाचा याचे नियम असतात आणि त्यावर भांडताही येते. रोग्याची सुट्टी झाली म्हणजे मात्र घरात कोणाची तरी ड्यूटी सुरू होते. हे कोणीतरी बहुधा बायको असते, नाहीतर सून किंवा मुलगी. तिला बदली नाही, रविवार नाही, आणि ते काम कसे करावयाचे हे तिला कोणी शिकविलेलेही नसते. व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही खाणींतील कंत्राटी पद्धतीवर बोलू अशी त्यांची समजूत होती. आम्ही हा विषय दिला. त्याला कारण आहे, आणि ते आम्हांस फारसे भूषणावह नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या युनियनचा एक कंत्राटी हेल्पर काम करताना उंचावरून पडला आणि त्याच्या मणक्याला मार बसून कमरेखालचे अंग गेले. दोन महिने तो एका मोठ्या शहरातील दवाखान्यात होता. मग सुट्टी झाली. आम्ही ताबडतोब भरपाईच्या दाव्याला लागलो. हजेरीचे कागद जमविले, साक्षीदार उभे केले, कंत्राटदाराच्या माणसाला कचेरीत घाम फोडला. घरी आम्ही तीनदा गेलो. तिन्ही वेळा सही आणि अंगठा घेण्यासाठी. पाचव्या महिन्यात तो गेला. मणक्याच्या माराने गेला नाही. पाठीच्या खाली, माकडहाडावर जखम पडली, ती हाडापर्यंत गेली आणि तिचे विष रक्तात भिनले. त्याची बायको आम्हांस म्हणाली, “भाऊ, त्याईले कुशीवर फिरवत राहा लागते, हे मले कोणी सांगतलंच नाही जी.”

सांगितले होते. दवाखान्याच्या सुट्टीच्या कागदावर औषधांच्या खाली, दर दोन तासांनी कूस बदलावी, अशी एक ओळ होती. कागद इंग्रजीत होता. बाईने तो विश्वासाने आमच्या हाती दिला आणि दाव्याला लागेल म्हणून आम्ही तो फायलीला लावला. ती ओळ आम्ही वाचली ती वारसाच्या अर्जासाठी नकला काढताना.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. त्या प्रकरणानंतर या विषयावर जे हाती लागले ते वाचले, डॉक्टरांना व नर्सबाईंना विचारले. त्यातले काही येथे मांडतो.

प्रथम त्या जखमेचेच घेऊ. इंग्रजीत तिला बेडसोअर म्हणतात. निरोगी माणूस झोपेत नकळत वीसवेळा कूस बदलतो, कारण एका जागी भार पडला की तेथील कातडीला कळ लागते. ज्याचे अंग बधिर आहे त्याला ती कळ लागत नाही. मग हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी चेंगरते, तेथील बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोहोचत नाही आणि काही तासांत ती जागा मरू लागते. आधी लाल चट्टा दिसतो. बोटाने दाबून सोडल्यावर तो पांढुरका होऊन पुन्हा लाल झाला तर फार बिघडलेले नाही. दाबूनही लालच राहिला तर आत नासायला सुरुवात झाली असे समजावे. माकडहाड, टाचा, कमरेची हाडे, घोटे, या त्याच्या नेहमीच्या जागा. कूस बदलणे, चादर कोरडी व सुरकुतीविना ठेवणे, लघवीची ओल राहू न देणे, रोज एकदा पाठ उजेडात पाहणे, एवढ्यावर बहुतेक जखमा टळतात. यात औषध कुठलेच नाही. आहे ते सारे माणसाचे काम, आणि ते रात्रीही करावे लागते.

ही गोष्ट आपल्या जुन्या वैद्यांना चांगली ठाऊक होती. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि खुद्द रोगी. त्यातील परिचारकाच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी प्रेम आणि स्वच्छता असावी, असे म्हटले आहे. चारांतील ज्ञान पहिले घेतले आहे, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. आपण घरच्या बाईकडून प्रेमाची अपेक्षा पुरेपूर करतो, ज्ञानाची सोय करीत नाही. इंग्लंडात लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याच्या हे ध्यानात आले ते १८५९ साली, त्याची पत्नी वारली तेव्हा. तिच्या अखेरच्या दुखण्यात मेरी रॉबिन्सन नावाची नर्स घरी ठेवली होती. आपल्यासारख्या श्रीमंताच्या घरी जिचा एवढा आधार झाला ती गरिबाच्या घरी गेली तर काय होईल, असे वाटून त्याने तिला पगार देऊन लिव्हरपूलच्या गरीब वस्त्यांत पाठविले. तेथील हाल पाहून ती पहिल्याच महिन्यात काम सोडावयास निघाली होती. रॅथबोनने समजूत घातली, ती राहिली, आणि तेथून घरोघर जाणाऱ्या नर्सांची पद्धत इंग्लंडभर पसरली.

घरी राहून बरे होता येते का, ही शंका आपल्या देशातही शास्त्रीय कसोटीला लावून पाहिली गेली आहे. क्षयाच्या रोग्याला सॅनेटोरियममध्ये हवा, विश्रांती आणि अंडी-दूध मिळाल्याशिवाय तो बरा होत नाही, असे एके काळी सर्वच मानीत. १९५६ साली मद्रासेत १९३ रोग्यांवर प्रयोग सुरू झाला. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवले, काहींना त्यांच्या गर्दीच्या, अपुऱ्या अन्नाच्या घरी. औषधे दोघांनाही तीच, वर्षभर. १९५९ साली निष्कर्ष छापून आला : घरचे रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले. घरातील इतरांना लागण अधिक झाली असेही पुढे आढळले नाही. मात्र त्यांना मोकळे सोडून दिलेले नव्हते. नर्सा घरी जात, गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध घेतले की नाही ते पाहत. प्रयोगातील हा भाग लोक विसरतात आणि ‘घरीही बरे होता येते’ एवढेच लक्षात ठेवतात.

आता आपल्या जिल्ह्यांकडे येऊ. पूर्वीच्या चांदा जिल्ह्याचे २६ ऑगस्ट १९८२ रोजी दोन भाग झाले व गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. सिरोंच्याहून गडचिरोली गाठावयाची तर सुमारे दोनशे किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते. दवाखाना कितीही चांगला बांधला तरी अशा मुलखात निम्मे आजारपण घरीच निघणार. घरच्या शुश्रूषेचा साऱ्या जगाने अभ्यासलेला एक प्रयोग याच मुलखात झाला, आणि त्याचे आम्हांस नवल वाटत नाही. गरज जेथे होती तेथे तो झाला.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेमार्फत काम सुरू केले. धानोरा रस्त्यावर चातगावजवळ त्यांचे शोधग्राम आहे. त्यांनी लहान मुलांचा न्यूमोनिया हाती घेतला. आमच्याकडे लेकराचे पोट उडू लागले म्हणजे ‘डबा झाला’ म्हणतात. श्वास मिनिटाला किती, यावर न्यूमोनियाचे निदान बांधता येते. पण ज्या सुइणीला दहा-बाराच्या पुढे मोजता येत नाही तिने काय करावे? त्यावर काढलेली तोड आम्हांस कोणत्याही मोठ्या यंत्राहून अधिक आवडली. मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मुळातच जलद असतो, म्हणून त्याची माळ वेगळी. अक्षरशत्रू सुइणींनी या साधनाने निदान केले व औषध दिले. त्याचा निष्कर्ष १९९० साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.

नंतर प्रश्न उरला अगदी कोवळ्या, पहिल्या महिन्यातील बाळांचा. १९९५-९६ साली ७६३ बाळांची पाहणी केली. त्यांतील ५४ टक्के बाळांना औषधोपचाराची गरज होती आणि मिळाला तो अवघ्या २.६ टक्क्यांना. याला आळस किंवा अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ओल्या बाळंतिणीने घराबाहेर पडू नये, बाळाला वारा लागू देऊ नये, ही रीत आपल्या आजीनेही पाळली आहे. त्यात रस्ता नाही, पैसा नाही, आणि दवाखान्यात पोहोचल्यावर कोण विचारील याची खात्री नाही. तेव्हा बाळ येत नसेल तर औषधाने बाळाकडे जावे, असे ठरले. ३९ गावांतून गावच्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका निवडून त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून तयार केले.

या आरोग्यदूत नेमके काय करतात ते सांगितले पाहिजे, कारण ‘घरी भेट’ म्हटले की ख्यालीखुशाली विचारून चहा पिऊन येणे असे चित्र उभे राहते. बाळंतपणाच्या वेळी सुईण आईकडे पाहते आणि आरोग्यदूत बाळाकडे. पूर्वी वार पडेपर्यंत बाळ तसेच भुईवर उघडे पडलेले असे व मग त्याला आंघोळ घालीत. आरोग्यदूत त्याला ताबडतोब पुसते, गुंडाळते, रडले नाही तर घसा साफ करून नळी-मास्कने श्वास देते. मग काट्याने वजन, थर्मामीटरने ताप. बाळ कमी वजनाचे असेल तर उबदार पिशवी. आईला पहिल्या तासातच पाजावयास बसविणे, आणि त्यासाठी सासूला पटविणे, जे काम इंजेक्शन देण्याहून अवघड. महिनाभर ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा भेटी. जंतुदोष ओळखण्यासाठी सात खुणा : रडणे क्षीण होणे, दूध ओढणे क्षीण होणे किंवा थांबणे, हातपाय लुळे पडणे, अंग गार किंवा तापलेले लागणे, उलटी होणे वा पोट फुगणे, छाती आत ओढली जाणे, बेंबीत पू. यांतील कोणत्याही दोन एकाच वेळी दिसल्या तर आधी दवाखान्यात न्या असे सांगावयाचे. घरचे नाही म्हणाले तर लेखी संमती घेऊन जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि पातळ औषध घरीच सुरू करावयाचे.

गावची बाई इंजेक्शन देणार, यावर शिकलेल्या लोकांनी काय म्हटले असेल त्याची कल्पना करावी. आम्हांस त्यात ओळखीचा सूर ऐकू येतो. खाणीतही हेल्परने यंत्राला हात लावावयाचा नाही, असे इंजिनिअर म्हणतो. आणि रात्रपाळीला यंत्र बंद पडले की तेच यंत्र हेल्पर चालू करतो.

परिणाम आकड्यांत असा. १९९३ ते ९५ या काळात या ३९ गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी ६२ पहिल्या महिन्यात दगावत. शेजारच्या ४७ गावांत, जेथे हा प्रयोग नव्हता, तेथे ५८. १९९७-९८ मध्ये प्रयोगाच्या गावांत ही संख्या २५.५ वर आली, शेजारी ५९.६ होती, म्हणजे जेथल्या तेथे. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी आधी शेकडा १६.६ मरत, उपचार सुरू झाल्यावर २.८. एका बाळामागे खर्च ५.३ डॉलर, त्या वेळच्या भावाने सुमारे दोनशे रुपये. डिसेंबर १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे बांगलादेशात सिल्हेटला अशाच धर्तीवर काम झाले, २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाच्या घरभेटींची एकत्रित शिफारस केली, आणि २०११ साली भारत सरकारने ही पद्धत ‘आशां’मार्फत देशभर लागू केली.

येथे एक गैरसमज होऊ नये. घरची शुश्रूषा ही दवाखान्याला पर्याय नव्हे. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नसेल, मूल आडवे असेल, तर घरी बसून काही होत नाही. तेथे गाडी, रक्त आणि सर्जनच लागतो. आता बाळंतपणे बहुतेक दवाखान्यात होऊ लागली आहेत आणि ते चांगलेच आहे. पण त्यामुळे घरभेटीचे काम संपत नाही. दोन दिवसांनी सुट्टी होते, सरकारी गाडी आई-बाळाला दारात सोडून जाते, आणि पावणेदोन किलोचे ते बाळ पुन्हा त्याच खोपट्यात येते. म्हणून २०११ च्या योजनेत दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठीही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी ठेवल्या.

या सहा भेटींचे मिळून आशाताईला २५० रुपये ठरले. आम्ही हिशेब करणारी माणसे. भेटीला बेचाळीस रुपयेदेखील पडत नाहीत. ते मिळण्याच्या अटींत वजनाची नोंद, लसी, जन्मनोंदणी यांबरोबर आई आणि बाळ दोघेही बेचाळीस दिवस सुखरूप असावेत अशीही अट घातली होती. सहा वेळा जंगलवाट तुडवून गेलेल्या बाईचे बाळ तरीही गेले, तर तिची मजुरीही जावी, असा याचा अर्थ होतो. असली अट कोणत्याही कारखान्यात घातली असती तर आम्ही त्याच दिवशी फाटकावर बसलो असतो. सरकारदरबारी आशाताई स्वयंसेविका आहेत आणि त्यांना मिळते ते मानधन. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांतील बायकांना कामगार मानावे अशी शिफारस केली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातील साऱ्या आशांचा गौरव केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील आशांना संपावर जावे लागले. गौरव झाला तो जिनिव्हात आणि उन्हात बसावे लागले ते आझाद मैदानावर.

बाळाच्या बाबतीत निदान योजना तरी आहे. मोठ्या माणसाच्या बाबतीत तेवढेही नाही. ‘सर्च’नेच गडचिरोलीच्या ८६ गावांतील मृत्यूंचा अभ्यास करून २०१५ साली तो प्रसिद्ध केला. त्यात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले लकवा, शेकडा १४.३. आम्ही ते वाचून चमकलो, कारण जंगलातील माणूस हिवतापाने मरतो अशीच आमची समजूत होती. आणि लकव्याने गेलेल्यांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक घरीच गेले. म्हणजे तितक्या घरांतून कोणीतरी अर्धे अंग गेलेल्या माणसाला उठविले, बसविले, भरविले. लकव्यात पुष्कळदा गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात. अशा माणसाला निजवून पाणी पाजले की ते श्वासनळीत उतरते आणि पुढे न्यूमोनिया होतो. त्याला ताठ बसवून, हनुवटी जरा खाली घेऊन, घट्टसर पेज चमच्याचमच्याने द्यावी. लुळा हात ओढून त्याला उठवू नये, खांदा निखळतो. लुळ्या हातापायांचे सांधे रोज हलवीत राहावे, नाहीतर ते आखडतात. आणि रक्तदाबाची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद करू नये. दुसरा झटका पुष्कळदा तेथूनच येतो. या चार गोष्टी समजावून सांगावयास अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास सुट्टीच्या दिवशी कोणाकडेच नसतो.

पैशाचेही बोलले पाहिजे. आमच्या फायलीतला दावा ज्या १९२३ च्या कायद्याखाली होता त्यात अवयवांचा तक्ता होता : अंगठा गेला तर तीस टक्के, अमुक गेले तर अमुक. दवाखान्याचा खर्च मागण्याची सोय त्यात २००९ साली आली. पण जखमी माणसाची कूस बदलण्यासाठी जिने मजुरी सोडली तिच्या बुडालेल्या रोजाला त्या तक्त्यात रकाना नव्हता. असा रकाना असू शकतो. इंग्लंडच्या १९४६ च्या कायद्यात कायम सोबतीची गरज असलेल्या अपंग कामगारासाठी वेगळा भत्ता होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६४ च्या १२१ क्रमांकाच्या करारातही सतत दुसऱ्याची मदत लागणाऱ्या कामगाराला जादा रक्कम द्यावी, असे कलम आहे. आम्ही इतकी वर्षे मागणीपत्रके लिहिली; बोनस, कॅन्टीन, चपला-हेल्मेट यांची कलमे तोंडपाठ आहेत. सोबतीच्या भत्त्याचे कलम आम्ही एकदाही लिहिले नव्हते. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा लिहिले. ते मान्य झालेले नाही.

केरळात मात्र लोकांनी सरकारची वाट पाहिली नाही. १९९३ साली कालिकतला असाध्य रोग्यांच्या शुश्रूषेचे काम सुरू झाले आणि पुढे शेजारपाजारच्या सामान्य माणसांना शिकवून त्यांच्याकडून घरभेटी सुरू झाल्या. त्यात दुकानदार होते, विद्यार्थी होते, रिक्षावाले होते. २००८ साली तेथील सरकारने त्याचे धोरण केले आणि पंचायतींमार्फत नर्स घरोघर जाऊ लागल्या. हे वाचल्यावर आम्हांस आमच्या तीन भेटी आठवल्या.

आमच्या युनियनने जे सुरू केले ते फार लहान आहे. सुट्टीचा कागद कचेरीत आला की तो फायलीला लावण्याआधी मराठीत मोठ्या अक्षरांत उतरवून घरी द्यावयाचा. एक निवृत्त नर्सबाई महिन्यातून दोनदा आमच्या बायकांना व पुरुषांनाही कूस बदलण्याचे, भरविण्याचे शिकवितात. पुरुष आधी येत नव्हते. आता सात-आठ येतात. दर रविवारी दोघेजण एका घरी जातात, घरच्या बाईला तीन तास बाहेर जाऊ देतात आणि तोवर रोग्याजवळ बसतात. ती बाजारात जाते, नाहीतर शेजारी जाऊन झोपते. वर्गणीतून हवेची एक गादी घेतली आहे, जिच्यात हवा आळीपाळीने भरते आणि भार एका जागी राहत नाही. ती सध्या दुर्गापूरला एका घरी आहे, आणि तिच्यासाठी आणखी दोन घरांचे अर्ज आमच्याकडे पडून आहेत.